चुलीने केलेली चार कामे: जुन्नर-आंबेगावातील जुन्या घरांविषयी महाऊर्जेस खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा), पुणे

विषय: जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील जुन्या घरांसाठी उष्णतेचे साधन निवडण्याबाबत

महोदय,

अतिथंड प्रदेशांत जुन्या घरासाठी उष्णतेची यंत्रणा निवडायची म्हणजे खोल्या उबदार ठेवणारी भट्टी, तिच्यापासून निघणारे नळ आणि तिला लागणारे इंधन यांचा विचार करायचा. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र हाच प्रश्न मोरीत, परसात आणि चुलीपाशी येऊन ठेपतो, कारण येथे घराला उष्णता लागते ती मुख्यतः अंघोळीच्या पाण्यासाठी, त्याखालोखाल अंग शेकण्यासाठी आणि पावसाळी भागात घर व घरातल्या वस्तू कोरड्या ठेवण्यासाठी. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत ही सगळी कामे पिढ्यान्‌पिढ्या एकच चूल करीत आली. आज त्या चुलीच्या जागी सौर बंब, गॅस गिझर, विजेचा गिझर, गोबरगॅस आणि छपरावरचे सौर पॅनेल असे अनेक पर्याय पुढे केले जातात, त्यांतील काहींसाठी कधी ना कधी शासकीय योजना आलेली आहे, आणि प्रत्येक योजनेने बसविलेली उपकरणे मोजली आहेत. ज्या घरात ती बसली, ते घर कोणत्या मातीचे, कोणत्या छपराचे, कोणत्या पावसाचे आहे, हे मात्र कोणत्याही योजनेने मोजलेले नाही. १९८५ साली स्थापन झालेल्या आणि पुण्यातच मुख्यालय असलेल्या आपल्या अभिकरणाकडे हे पत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

या दोन तालुक्यांचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचावा लागतो. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, नाणेघाटाजवळचे घाटघर, आंबेगावातील आहुपे आणि भीमाशंकर अभयारण्याच्या कडेची महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे आहेत. तेथे जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणि धुके यांमुळे कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. मधल्या पट्ट्यात जुन्नर, घोडेगाव, ओतूर अशी जुनी बाजारगावे आहेत, आणि पूर्वेकडे नारायणगाव, मंचर, बेल्हे व त्याही पलीकडे आणे पठार असा उत्तरोत्तर कोरडा होत जाणारा प्रदेश आहे. पूर्वेकडच्या घराला उष्णता हवी असते ती डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आकाश निरभ्र असते आणि दिवसभर लख्ख ऊन पडते. पश्चिमेकडच्या घराला ती सर्वाधिक हवी असते ती जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात उभी राहिलेली माणसे ओल्या अंगाने घरी परततात आणि उन्हाचा पत्ता नसतो. सौर ऊर्जा एका भागात गरजेच्या वेळी हजर असते आणि दुसऱ्या भागात नेमकी गरजेच्या वेळी गैरहजर असते. एकाच तालुक्यासाठी एकच उद्दिष्ट ठरविणारी योजना येथेच पहिली चूक करते.

थंडीही येथे नाममात्र नसते. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास असलेल्या जुन्नरच्या खोऱ्यांत थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जाणे हे नवलाचे नाही. तरीही येथील जुन्या घराला खोली तापविणाऱ्या यंत्राची गरज कधी भासली नाही, याचे श्रेय घराच्या बांधणीला द्यावे लागते. मधल्या पट्ट्यातील वाडा घडीव दगडाच्या जोत्यावर, दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंतींनी उभा असतो. सागवानी खांब व तुळया यांच्यावर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे आतले छत, आणि त्यावर मातीचे माळवद किंवा कौले असतात. अशा जाड भिंती दिवसभराची उष्णता सावकाश शोषतात आणि रात्री ती सावकाश परत देतात, त्यामुळे बाहेर कडाका असला तरी माजघर, म्हणजे घराच्या मधोमध असलेली आणि बाहेरच्या भिंतींपासून दूर राहिलेली खोली, सहसा गार पडत नाही. पश्चिमेकडील घरे वेगळी: तेथे कारवीच्या काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपून भिंती करीत, आणि भिंत पातळ असल्यामुळे घराची सारी ऊब चुलीवर अवलंबून असे.

पश्चिमेकडच्या घरातील ती चूल जवळून पाहिल्यास तिची चार कामे स्पष्ट होतात. पुढच्या तोंडावर भाकरी व कालवण शिजते. बाजूच्या वैलावर, म्हणजे मुख्य जाळाची उरलेली धग ज्यातून बाहेर पडते त्या दुसऱ्या तोंडावर, पाण्याचे भांडे ठेवलेले असते आणि त्याला वेगळे लाकूड लागत नाही. रात्री उरलेल्या निखाऱ्यांभोवती म्हातारी माणसे व मुले शेकत बसतात. आणि वर, आढ्याखालच्या माळ्यावर, पावसाळ्यासाठीचे सरपण, बियाण्याची कणसे आणि ओले कपडे यांना तीच धग व तोच धूर कोरडे ठेवतो. त्या धुराने काळे पडलेले वासे भुंग्याला व वाळवीला बराच काळ दाद देत नाहीत, हे त्या भागातील कोणताही सुतार सांगतो. कोरियातील पारंपरिक घरांत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळ मार्गांतून फिरवून राहत्या खोलीची फरशी तापविण्याची पद्धत होती आणि तिला ओंडोल म्हणत. एकाच विस्तवाकडून अनेक कामे करून घेण्याची ही बुद्धी जगात इतरत्रही होती, फरक इतकाच की कोरियाने धुराला वाट काढून दिली आणि सह्याद्रीतील घराने त्याला आतच ठेवले.

या शेवटच्या गोष्टीची किंमत बाईने मोजली आहे, आणि चुलीच्या गुणगानात ती विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लाकडाच्या धुरातील अतिसूक्ष्म कण, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, फुप्फुसाच्या खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरविली, भारताचे मानक ४० आहे, आणि बंद स्वयंपाकघरात जाळ चालू असताना ही पातळी शेकड्यांत जाते. जुनाट दमा, श्वासनलिकांचा विकार आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध वैद्यकशास्त्राने जोडलेला आहे. तेव्हा चूल गेली पाहिजे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो ती गेल्यावर तिच्या चार कामांपैकी तीन कोणी करायची, याविषयी. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने स्वयंपाकाचे काम गॅसकडे नेले, पण पाणी तापविणे, शेकणे आणि वाळविणे ही कामे गॅसवर परवडत नाहीत. म्हणून गॅस असलेल्या घरातही चूल पेटते, आणि त्या घराची नोंद मात्र धूरमुक्त अशी होते.

परवडत नाहीत म्हणजे किती, हे आकड्यांत मांडता येते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला अंघोळीसाठी दिवसाला १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर २,५०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे रोज सुमारे तीन युनिट. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोतून, शेगडीवरचा अपव्यय वजा जाता, साडेसहा हजारांच्या आसपास किलोकॅलरी पाण्यात उतरतात. म्हणजे रोज ३८० ग्रॅम, आणि महिन्याला साडेअकरा किलो, अर्थात १४.२ किलोच्या टाकीचा बहुतांश भाग केवळ अंघोळीत जातो. तीन दगडांच्या चुलीवर लाकडातील उष्णतेचा आठवा हिस्सा जेमतेम भांड्याला पोहोचतो, म्हणून तिच्यासाठी रोज पाच किलोंहून थोडे अधिक सुके लाकूड लागते, आणि चार महिन्यांच्या हंगामात सहाशे किलोंच्या वर. हे लाकूड विकत घेतले जात नाही, ते बाईच्या डोक्यावरून येते. त्यामुळे घरखर्चाच्या हिशेबात ते फुकट धरले जाते आणि पर्याय महाग दिसतो. जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर किती वाढला आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. पहाटे सरपणाला किंवा परसातला विस्तव पेटवायला एकटीने बाहेर पडणे, हाही त्या फुकट लाकडाच्या किमतीचाच भाग आहे.

बाजारगावांतील वाड्यांनी पाणी तापविण्याचे काम चुलीपासून फार पूर्वी वेगळे केले होते आणि त्यासाठी बंब वापरला होता. तांब्याचे किंवा पितळेचे उभे, पोट फुगलेले भांडे. त्याच्या मधून खालपासून वरपर्यंत गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा. आणि नळीभोवती चहूबाजूंनी पाणी, ज्याला खाली तोटी व वर झाकण असते. विस्तव नळीच्या आत असल्यामुळे त्याची धग कोणत्याही दिशेला गेली तरी तिला पाणीच भेटते, आणि म्हणून लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, मक्याची बुरकुंडे, गोवरीचे तुकडे अशा हलक्यासलक्या जळणावर तो चालतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोडीचे ठोके देऊन पृष्ठभाग घट्ट व चमकदार करण्याचे जे मठारकाम होते, त्याच कारागिरीतून असे बंब घडत आले. पाण्यावाचून पेटविला तर त्याचे सांधे सुटतात, आणि नळीला भोक पडले तर डाग लावणारा कारागीर शोधावा लागतो. तो मिळेनासा झाला तेव्हा बंब मोडीत गेले. इंधन-बचतीच्या कसोटीवर तीन दगडांच्या चुलीपेक्षा कितीतरी सरस असलेले हे साधन कोणत्याही योजनेत बसले नाही, कारण ते नवे नव्हते. जुन्या वस्तूची दुरुस्ती हे उद्दिष्टांच्या तक्त्यात मावणारे काम नसते, हे खरेच.

बंबाची जागा ज्या साधनाने सर्वांत झपाट्याने घेतली, तेच जुन्या घरासाठी सर्वांत धोक्याचे आहे. गॅस गिझर हा भिंतीवर टांगलेला, नळ उघडताच पेटणारा आणि जाता-जाता पाणी तापविणारा छोटा बंबच असतो. पण त्याला भरपूर ताजी हवा लागते. वाड्यातील मोरी पुष्कळदा जिन्याखाली किंवा माजघराच्या कोपऱ्यात, खिडकीवाचून, चार बाय पाच फुटांची असते. दार लावून गिझर चालू ठेवल्यावर तेथील प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपते. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने होणाऱ्या मृत्यूंमागेही हाच वायू असतो. गिझर मोरीबाहेर, उघड्या पडवीत किंवा चौकात बसवून त्यातून फक्त गरम पाण्याचा नळ आत नेणे, हाच याला उपाय आहे. जेथे ते शक्य नाही तेथे गॅस गिझर नकोच, इतके स्पष्ट सांगणारा मराठी फलक गॅस वितरकाच्या दुकानात लागला तरी काही जीव वाचतील.

विजेची गोष्ट उलटी आहे: साधन निर्धोक, पण घर तयार नाही. साठवणीचा गिझर दोन किंवा तीन किलोवॅटचा असतो, त्याला १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी आणि नीट अर्थिंग, म्हणजे गळती झालेला प्रवाह जमिनीत उतरवून देणारी तार, लागते. जुन्या वाड्यांतील वायरिंग बहुधा लाकडी पट्टीवरून गेलेले, दिव्यांपुरते आखलेले असते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि गळती वाढते. गिझर परवडत नाही म्हणून बादलीत टाकायची हिटरची कांडी आणली जाते, जी हजार-दीड हजार वॅट खेचते आणि जिच्या भोवतालचे पाणी प्रवाह चालू असताना हाताने पाहिले जाते. ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे स्वयंचलित बटण मुख्य फलकात बसविले तर हा धोका जवळजवळ टळतो, आणि त्याचा खर्च गिझरच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातील काही वाटा घरातील वायरिंग सुधारण्यास वापरता आला असता, तर जुन्या घरांना त्या योजनेचा अर्थ वेगळा लागला असता.

सौर बंबाविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पूर्व भागासाठी तोच सर्वांत योग्य आणि जुन्या घरात तोच सर्वांत चुकीच्या पद्धतीने बसविला जाणारा पर्याय आहे. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. सपाट पेटीच्या प्रकारात काचेखाली तांब्याच्या नळ्या व काळा पत्रा असतो. तो महाग, पण दणकट. दुहेरी काचेच्या नळ्यांच्या प्रकारात दोन काचांमधली हवा काढून घेतलेली असल्यामुळे उष्णता बाहेर जात नाही; तो स्वस्त, पण जेथे माकडांचा उपद्रव आहे तेथे नळ्या फुटतात, आणि विंधनविहिरीचे जड पाणी असेल तर आत क्षार साचतात. दिवसाला १०० लिटर पाण्यासाठी सपाट पेटीचे सुमारे दोन चौरस मीटर क्षेत्र लागते, तिचे तोंड दक्षिणेला आणि हिवाळ्यातील कलता सूर्य धरण्यासाठी कोन तीस-पस्तीस अंशांचा ठेवावा लागतो. येथवर सर्व पत्रकांत असते. पत्रकांत नसते ते असे: पंपावाचून चालणाऱ्या या संचात गरम पाण्याची टाकी पेटीच्या वर आणि गार पाण्याची टाकी त्याहूनही वर असावी लागते, कारण तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी आपल्या वजनाने खाली येते, याच तत्त्वावर तो चालतो. जुन्या घराला गार पाण्याची उंच टाकीच नसते. नळाचे पाणी चौकातल्या हौदात येते. म्हणजे २०० लिटरचा सौर बंब आणि ५०० लिटरची गार टाकी असे मिळून केवळ पाण्याचेच ७०० किलो वजन अशा छपरावर चढवायचे, ज्याच्या तुळया शंभर वर्षांपूर्वी मातीच्या पसरलेल्या भारासाठी घातल्या होत्या, चार पायांवर एकवटलेल्या भारासाठी नव्हे. माळवदाला पाय रुततो, तेथून पाणी मुरते, तुळईचे टोक भिंतीत कुजते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर दोष जुन्या घराला दिला जातो.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. परसात किंवा गोठ्याच्या कडेला लोखंडी चौकटीवर सगळा संच उभारावा. घराच्या छपराला त्याने हातही लावू नये. असे केल्यास मोरीही जवळ येते, कारण वाड्यात मोरी मागच्या अंगालाच असते, आणि नळीत साचलेले गार पाणी सोडून देण्याचा अपव्यय कमी होतो. आणे पठारासारख्या, उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या भागात रोजची अर्धी-एक बादली ही लहान गोष्ट नाही. केंद्र सरकारचे सौर बंबावरील भांडवली अनुदान २०१४ च्या सुमारास बंद झाले. त्या वेळी गच्चीचे घर गृहीत धरलेले होते. आता काही नवी मदत द्यायची झाल्यास ती परसातील चौकटीसाठी द्यावी.

गोबरगॅसचा विचार पूर्व व मध्य भागांत पुन्हा व्हावा, कारण तेथे दुभती जनावरे आहेत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे लागतात. एका घनमीटर गॅसमधून वर सांगितलेले १०० लिटर पाणी तापू शकते, पण मग स्वयंपाकाला निम्माच गॅस उरतो. शिवाय शेण कुजविणारे जीवाणू थंडीत मंदावतात आणि नेमके गरजेच्या दिवसांत गॅस कमी होतो, ही त्याची जन्मजात मर्यादा आहे. म्हणून गोबरगॅस स्वयंपाकाला आणि सौर बंब अंघोळीला, अशी जोडी लावल्यास दोन्ही साधने आपापल्या जागी टिकतात. लेण्याद्री व ओझर येथे मुक्कामाला येणाऱ्या भाविकांची निवासस्थाने आणि पर्यटनासाठी खुले झालेले वाडे यांच्यासाठी उष्णता-पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्यात सोडणारे आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता देणारे यंत्र, हा पर्याय योग्य ठरेल. एका कुटुंबाला तो झेपणारा नाही.

ऊस असलेल्या पट्ट्यात आणखी एक इंधन शेतात पडून असते. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात तोडणीनंतर उरणारे पाचट पुष्कळदा जागेवरच पेटवून दिले जाते. ते जमिनीत कुजविणे हा निःसंशय पहिला पर्याय आहे. परंतु जाळायचेच असेल तर त्याचा कोळसा करता येतो, हे पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने, दाखवून दिले आणि त्यासाठी तिला २००२ सालचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. असा कोळसा परसातल्या बंबात धुरावाचून जळतो. जुना बंब आणि नवा कोळसा यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते, इतकेच.

उरतो तो शेकण्याचा प्रश्न, आणि तो छपराशी जोडलेला आहे. गेल्या काही दशकांत कौले व माळवद काढून पत्रा घालण्याची लाट आली, कारण कौले फुटतात, माकडे ती हलवितात आणि दरवर्षी चाळण्याला माणूस मिळत नाही. पातळ पत्र्याला उष्णता साठविता येत नाही. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे भराभर सोडून हवेपेक्षाही गार होतो, आणि जाड भिंतींनी दिवसभर राखलेली ऊब वरून निघून जाते. अशा घरात विजेची शेगडी लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. पत्र्याखाली फळ्यांची किंवा बांबूच्या तट्ट्याची तक्तपोशी करून मध्ये हवेची पोकळी ठेवणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजविणे आणि माजघर पुन्हा झोपण्याची खोली करणे, एवढ्याने पूर्व व मध्य भागांत खोली तापविण्याचे साधन घ्यावे लागत नाही. घरासाठी सर्वांत आधी निवडायची उष्णतेची यंत्रणा म्हणजे छप्पर, हे विधान ऊर्जा-विभागाच्या चौकटीत विचित्र वाटेल, पण हिशेबाला ते पक्के उतरते.

पश्चिमेकडे मात्र विस्तवाला आज तरी पर्याय नाही. तेथे प्रश्न विस्तव ठेवून धूर बाहेर घालविण्याचा आहे, आणि तो पूर्वी एकदा हाताळून झाला आहे. १९८३-८४ पासून २००२ पर्यंत चाललेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात धुराड्याच्या चुली लाखोंच्या संख्येने बांधल्या गेल्या; धुराडे झाडायला कोणी शिकविले नाही, कौलांतून ते बाहेर काढलेल्या जागी गळती झाली, घरच्या भांड्यांना तोंडे लहान पडली म्हणून ती फोडून मोठी केली गेली, आणि चुली मोडल्या. त्या अपयशातून घ्यायचा तो धडा बांधणीचा आहे. धुराडे भिंतीतून आडवे बाहेर काढून मग उभे न्यावे, छपराला भोक पाडू नये. ते माळ्याखालून नेल्यास त्याच्या नुसत्या धगीने सरपण व बियाणे वाळते आणि धूर मात्र बाहेर जातो. वैल कायम ठेवावा, म्हणजे पाण्याला वेगळे लाकूड लागत नाही. धूर गेल्यावर वाशांचे वाळवीपासून रक्षण थांबेल, म्हणून लाकडाला वाळवी-प्रतिबंधक तेल लावण्याचा खर्च चुलीच्याच योजनेत धरावा. अन्यथा बाईची फुप्फुसे वाचतील आणि घर पडेल. घरकुल योजनांत बांधल्या जाणाऱ्या नव्या घरांच्या आराखड्यातही याच प्रकारची, धुराड्याची आणि वाळवणाच्या माळ्याची जागा ठेवण्याविषयी घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी बोलता येईल. किमान पंचवीस चौरस मीटरच्या त्या घरात ओले कपडे कोठे वाळवायचे, या प्रश्नाचे उत्तर आज शेजारी उभारलेली कुडाची झोपडी देते, आणि चूल तिच्यात पुन्हा पेटते.

अभिकरणाकडे मागणी नव्या अनुदानाची नाही. या दोन तालुक्यांत कोणतेही उष्णतेचे साधन मंजूर करण्यापूर्वी त्या घराची एका पानाची पाहणी व्हावी, जिच्यात छप्पर कशाचे आहे, ते किती भार सोसेल, मोरीला झरोका आहे का, अर्थिंग आहे का, जनावरे किती, आणि चूल आजही कोणकोणती कामे करते, एवढेच प्रश्न असावेत. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बंबाला डाग लावणारे, सौर बंबाचे क्षार काढणारे आणि धुराडे बांधणारे कारागीर तयार करावेत. आणि अशी पहिली पाहणी करायला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी जानेवारीतील कोरड्या दिवशी नारायणगावापर्यंत येऊन परत न जाता, जुलैमध्ये, आवणीच्या दिवसांत, आहुपे किंवा घाटघर येथील एखाद्या घरी संध्याकाळी मुक्कामास यावे, ही नम्र विनंती.

कळावे.